क्रीला व्याकरण नाही म्हणे!

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत खाली कोपऱ्यात एक चौकट होती, जगातल्या अजब भाषा म्हणून, त्यात कॅनडातल्या क्री भाषेवर चार ओळी होत्या. आदिवासींची बोली, व्याकरण असं काही नाही, शब्दाला शब्द चिकटवत जायचं की झालं वाक्य. आणि त्याच पानावर वरच्या बाजूला तो विनोद, कोल्हापूरची सून पुण्यात दारातून ओरडते "मी आलो" आणि सासू बघायला लागते की पोरगा लवकर कसा काय आला. आता विनोद जुनाच, माझ्या लग्नातसुद्धा कुणीतरी सांगितला होता, त्याचं काही नाही. पण दोन्ही एकाच पानावर बघितल्यावर माझं डोकं फिरलं, म्हणून हे पत्र लिहायलोय. लांब झालं तर कापा, पण क्रियापदं तेवढी कापू नका.

आधी माझं सांगतो. मी बाई माणूस आणि मी "आलो, गेलतो, जेवलो" असंच म्हणतो, शिवाजी पेठेत वाढलो, दुसरं काय म्हणणार. माध्यमिक शाळेत मराठी शिकवलं, रिटायर होऊन आठ वर्षं झाली. फळ्यावर 'मी आले' लिहायचो आणि घंटा झाली की टीचर रूममध्ये "अगं दमलो बाई" म्हणत खुर्चीत बसायचो. एकदा पुण्याला ट्रेनिंगमध्ये एका बाईंनी सगळ्यांदेखत विचारलं, तुम्ही मराठीच्याच शिक्षिका ना? तेव्हा गप्प बसलो. आता सांगतो, कोल्हापूरच्या बाईचं 'आलो' म्हणजे चूक नाही, आमच्यात 'मी' असलं की क्रियापद बाई-पुरुष बघत नाही, 'ती आली' म्हणताना मात्र बरोबर बघतं. म्हणजे नियम आहे. तुमच्या पुस्तकात नाही एवढंच.

आता क्री. माझी लेक कॅनडात सास्काटूनला असते, तिच्याकडं सहा महिने राहून आलो, ते पण थंडीत. बाहेर उणे तीस, नातू शाळेत, लेक-जावई कामावर, मी आणि टीव्ही. मग लेकीनं लायब्ररीतल्या क्रीच्या फुकट क्लासला नाव घातलं, जा म्हणाली, निदान माणसं तरी दिसतील. शिकवायला एक आजी होत्या, त्यांना सगळे कोह्कोम म्हणायचे. म्हणजे 'तुझी आजी'. माझी आजी असेल तर नोह्कोम. नुसती मोकळी 'आजी' म्हणायची सोय नाही, कुणाची तरी असावीच लागते. मला हे फार आवडलं.

पहिल्या दिवशी त्यांनी फळ्यावर एवढंच लिहिलं, निपा. म्हणजे झोपणे. मला लगेच निपचित आठवलं, संबंध काही नाही, पण डोक्यात बसलं ते बसलं. निपा हा धातू. नि म्हणजे मी, तो पुढं लागतो आणि मागं न, निनिपान, मी झोपतो. कि म्हणजे तू, किनिपान, तू झोपतोस. तिसऱ्याला पुढं काही नाही, नुसतं निपाव, तो झोपतो. किंवा ती झोपते, कारण क्रीत 'तो' आणि 'ती' वेगळे नाहीतच, क्रियापदात नाहीत आणि सर्वनामातही नाहीत. मी वर्गात मोठ्यानं हसलो, आजींनी विचारलं काय झालं, म्हटलं आमच्या गावात बायकांना यावरून हसतात, तुमच्याकडं सगळी भाषाच कोल्हापूरची आहे की. लेकीनं ते इंग्लिशमध्ये सांगितलं, आजींना किती कळलं माहीत नाही पण त्या पण हसल्या.

काळ कुठं बसतो बघा. आपल्यात शेवटी येतो, झोपलो, झोपेन. त्यांच्यात 'मी' आणि धातू यांच्या मधे शिरतो, की म्हणजे भूतकाळ, निकी-निपान, मी झोपलो. वी म्हणजे करायच्या बेतात आहे, निवी-निपान, मी झोपणार आहे. त्यात नोह्ते घातलं की इच्छा, निकी-नोह्ते-निपान, मला झोपायचं होतं. आता तुमचा चौकटवाला म्हणेल बघा, चिकटवलं. अहो पण कुणीही कुठंही चिकटवत नाही, आधी माणूस, मग काळ, मग इच्छा, मग धातू, मग शेपूट, ओळ मोडली की आजी थांबवायच्या. आणि आपण काय करतो? "काल दुपारी मी झोपायलतो" म्हणतो कोल्हापूरकर, त्या झोपायलतो मधे झोपायला, लागलो, होतो असे तीन शब्द कोंबलेत आणि तिथं पण ओळ ठरलेली आहे.

धातू तरी एकसंध कुठं असतो. सास्काचेवान हे त्या प्रांताचं नाव नदीवरून पडलं आणि नदीचं क्री नाव किसिस्काचिवनी-सीपिय, त्यातलं किसिस्काचिवन हे क्रियापद आहे, 'जोरात वाहतं'. म्हणजे अख्ख्या प्रांताला क्रियापदाचं नाव. त्यातलं शेवटचं चिवन म्हणजे वाहणे. पुढचा तुकडा बदलून पिम लावला, पिमिचिवन, तर नुसतं 'वाहत चाललंय', आपली पंचगंगा उन्हाळ्यात वाहते तसं. मग तोच पिम धरून मागचा तुकडा बदला. पिमोह्तेव, चालत चाललाय. पिमिपह्ताव, पळत चाललाय. पिमिहाव, उडत चाललाय. म्हणजे पिम मधे 'पुढं पुढं सरकणं' आहे आणि पायानं का पंखानं का पाण्यानं ते मागचा तुकडा सांगतो. आपल्याकडं 'चाललाय' मागं येतं आणि पळत, उडत पुढं, इतकाच फरक. मोडणे पण तसंच, पीको म्हणजे मोडतोड, हातानं मोडलं की पीकोनम, पायाखाली घालून मोडलं की पीकोस्कम. आपण त्यासाठी तोडणे, मोडणे, फोडणे, फाडणे, तुडवणे असे वेगवेगळे धातू ठेवलेत, त्यांनी एका धातूला हात-पाय लावलेत. गरीब कोण श्रीमंत कोण तुम्हीच ठरवा.

एक तर इतकं सुंदर आहे की मी वहीत चौकट काढून ठेवलंय. वाप हे मूळ, त्यात उजेड आहे, पांढरेपणा आहे आणि बघणं पण आहे. वापन म्हणजे उजाडलं. वापिस्काव, पांढरं आहे. वापमेव, तो त्याला बघतो. आणि वापन ला कर्ता नाही बरं का, आपलं भावकर्तृक क्रियापद पोरांना शिकवताना मी नेहमी उजाडलं, सांजावलं, मळमळतंय हीच उदाहरणं द्यायचो, आणि पोरं विचारायची बाई पण कोण उजाडलं? क्रीत पाऊस पण तसाच, किमिवन, झालं वाक्य. पडणारा पाऊस वेगळा आणि पडणं वेगळं असं नाही. जुलैमधे कोल्हापुरात राहिलेल्या माणसाला हे पटायला हरकत नाही, तेव्हा इथं पाऊस 'पडत' नसतोच, नुसता असतो.

आता खरी मेख. क्रीत क्रियापदांची चार घरं आहेत आणि कुठल्या घरात जायचं ते दोन प्रश्नांवर ठरतं, क्रिया दुसऱ्यावर जाते का, आणि ज्याची गोष्ट चाललीय ते सजीव का निर्जीव. आपल्याकडं सकर्मक-अकर्मक आहेच, सजीव-निर्जीव पण आहे, फक्त लपलेलं. मी रंकाळा बघितला म्हणतो, पण मी राजूला बघितलं. रंकाळ्याला 'ला' लागत नाही, राजूला लागतो. आपण ते नामाला चिकटवतो, क्रीत धातूच बदलतो. माणसाला बघितलं तर वापम, वस्तू बघितली तर वापह्त. निवापमाव, मी त्याला बघतो. निवापह्तेन, मी ते बघतो.

आणि सजीव कोण हे जीव बघून ठरत नाही, जसं आपल्याकडं टेबल 'तो' का 'ते' यात कुणी टेबलाची तपासणी करत नाही तसं. माणसं, जनावरं, झाडं सजीव हे ठीक. पण दगड सजीव, चिलीम सजीव, पातेलं सजीव, पायमोजा सजीव. आणि चप्पल-बूट निर्जीव! मी आजींसाठी कापशीची कोल्हापुरी चप्पल नेली होती, त्या बर्फात घालणार कधी ते देव जाणे, पण त्यांनी ती टेबलावर ठेवून सगळ्या वर्गाला दाखवली, बोटानं लाल गोंडा दाखवला आणि म्हणाल्या मिह्क्वाव, लाल आहे. मग स्वतःचा लाल मोजा वर करून दाखवला, मिह्कोसिव. हा पण लाल आहे, पण मोजा सजीव म्हणून शेपूट वेगळं. रंग पण क्रियापदच आहे त्यांच्यात, 'लालतंय' म्हटल्यासारखं. मस्किसिन म्हणजे पादत्राण, ते मोकॅसिन म्हणतात ना तो शब्द याच भाषाकुळातला. एवढी करकर वाजणारी आपली चप्पल निर्जीव आणि मुकाट मोजा सजीव, हे मला अजून मान्य नाही, पण नियम म्हणजे नियम.

खाण्यात तर मी रोज चुकायचो. काही नेमकं न सांगता नुसतं 'जेवतो' म्हणायचं तर निमीचिसोन. निर्जीव वस्तू खाल्ली तर निमीचिन. सजीव वस्तू खाल्ली तर निमोवाव. मी साध्या बुद्धीनं धरून चाललो की मटण म्हणजे बकऱ्याचं, तेव्हा सजीव, आणि भाकरी निर्जीव. उलटं निघालं. मांस, वियास, निर्जीव. भाकरी, म्हणजे त्यांची ती जाड रोटी, पह्क्वेसिकन, ती सजीव. म्हणजे आमच्या घरी तांबडा रस्सा आणि भाकरी असेल तर एकाच घासात दोन वेगळी क्रियापदं. महाद्वार रोडच्या एखाद्या खानावळीत क्री माणूस आणून बसवला तर वेटरला ऑर्डर देताना त्याची किती तारांबळ होईल, असा विचार करून मी एकटाच हसायचो. त्याची काही होणार नाही म्हणा, तो लहानपणापासून तेच बोलतोय, होईल ती माझी.

ह्रस्व-दीर्घावरून पण एकदा फजिती झाली. क्रीत जोडवाक्यात, म्हणजे 'कारण मी झोपलो होतो' असल्या वाक्यात, धातूचा अवतारच बदलतो. पुढचे नि, कि गळून पडतात, पुढं ए येतो आणि कोण झोपलं ते सगळं शेपटात जातं. ए-निपायान म्हणजे मी झोपलेलो, ए-निपायन म्हणजे तू झोपलेला. फरक फक्त एका दीर्घ आ चा. आदल्या क्लासला का आला नाहीत विचारल्यावर मी ऐटीत सांगितलं ए-की-निपायन. म्हणजे कारण तुम्ही झोपला होतात. आजींना! तीस वर्षं पोरांचे ह्रस्व-दीर्घासाठी मार्क कापले त्याची फळं सगळी त्या दिवशी मिळाली.

आज्ञार्थ दोन आहेत. निपा, झोप, आत्ता. निपाह्कन, झोप, पण नंतर. आपण "बस" आणि "उद्या आलास की बसशील" यात फरक करतो, पण तो भविष्यकाळ उसना घेऊन, त्यांच्याकडं नंतरच्या आज्ञेला स्वतःचा प्रत्यय आहे. नातवाला मोबाईल ठेव म्हटलं की तो नंतर म्हणतो, त्याला म्हटलं क्रीत त्याला वेगळं रूप आहे, मी तुला ते वापरलेलं नाही.

'मी तुला बघतो' हे सांगितल्याशिवाय मात्र पत्र संपवत नाही. मला वाटलं सुरुवात नि नं होणार, बघणारा मी आहे. नाही. किवापमितिन. सुरुवात कि नं, म्हणजे तू नं. बरं मग 'तू मला बघतोस'? किवापमिन. परत कि. वाक्यात तू असेल तर पुढं तूच बसणार, करणारा कुणी का असेना, आणि कोण कुणाला ते शेपूट सांगणार. तू नसेल तर मी. मी पण नसेल तर तो. मी त्याला बघतो, निवापमाव, तो मला बघतो, निवापमिक, दोन्हीत पुढं नि च. म्हणजे आधी समोरचा, मग आपण, मग बाकीचे. मी विचारलं हे मुद्दाम शिष्टाचार म्हणून केलंय का, आजींनी खांदे उडवले, भाषा आहे म्हणाल्या, अशीच आहे.

'तो' पण दोन असतात. आपण म्हणतो, बाळूनं पांडूला सांगितलं त्याची म्हैस त्याच्या उसात शिरली. आता कुणाची म्हैस, कुणाच्या उसात? यावरून गावात कुऱ्हाडी निघतात. क्रीत गोष्टीतला मुख्य माणूस एक, तो साधा राहतो, आणि दुसरा जो कुणी असेल त्याच्या नामाला आ लागतो, क्रियापदाला पण त्याप्रमाणं वेगळं रूप येतं. नापेव म्हणजे पुरुष, दुसरा पुरुष असला की नापेवा. मुख्यानं दुसऱ्याला बघितलं तर वापमेव, दुसऱ्यानं मुख्याला बघितलं तर वापमिक. म्हैस कुणाची ते वाक्यातच मिटलं, तलाठ्याकडं जायला नको.

आणि आता आपण आणि आम्ही. इंग्लिश मिडियमच्या पोरांना हे समजवताना नाकी नऊ येतात, वी म्हणजे वी, मराठी पोराला सांगावं लागत नाही. "आम्ही मिसळ खायला चाललोय" म्हटलं की तुला बोलवलेलं नाही, "आपण चाललोय" म्हटलं की गाडी काढ. क्रीत अगदी हेच. नियनान म्हणजे आम्ही, तुला सोडून. कियानव म्हणजे आपण, तुला धरून. आणि क्रियापदात पण दिसतं, आम्ही झोपतो निनिपानान, आपण झोपतो किनिपानानव. आम्ही चा नि, आपण चा कि, म्हणजे आपण मधे परत तूच पहिला. त्या वर्गात बाकी सगळे इंग्लिशवाले, चिनी एक बाई होती, आजी दोन दिवस उदाहरणं देत होत्या आणि मला एका मिनिटात समजलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की मराठी येत असल्याचा जगात कुठंतरी फायदा झाला.

व्याकरण नाही म्हणणाऱ्याला अजून एक सांगा. अमेरिकेचा मोठा भाषातज्ज्ञ लिओनार्ड ब्लूमफील्ड 1925 साली सास्काचेवानात स्वीट ग्रास इथं जाऊन राहिला आणि क्री लोकांच्या तोंडून गोष्टी उतरवून घेतल्या. हा माणूस आपल्या पाणिनीचा भक्त, जर्मनीत संस्कृत शिकून आलेला. धातू वेगळा, प्रत्यय वेगळा, नियम कुठल्या ओळीनं लागतात, ही नजर पाणिनीची, ती घेऊन त्यानं या कुळातल्या भाषांची मांडणी केली. पाणिनीच्या शिष्याला जिथं आयुष्यभराचं काम मिळालं तिथं तुमच्या चौकटीला काही सापडलं नाही.

लिपी पण आहे त्यांची. जेम्स इव्हान्स नावाच्या मिशनऱ्यानं 1840 साली कॅनडातल्याच नॉर्वे हाउस नावाच्या गावी ती बसवली, तिच्यामागं शॉर्टहँड आणि आपली देवनागरी या दोन्हींचा हात आहे असं अभ्यासक सांगतात. क्री लोकांची आपली परंपरा मात्र सांगते की लिपी त्यांच्याच एका जाणत्या माणसाला दैवी देणगी म्हणून मिळाली. एक आकार म्हणजे व्यंजन आणि तो फिरवला की स्वर बदलतो, टोक वर केलं की पि, खाली केलं की पे, उजवीकडं पो, डावीकडं प. काना-मात्रा नाही, अक्षरच कूस बदलतं.

2021 च्या जनगणनेत क्री बोलणारे 86 हजारांच्या आसपास होते. आपल्या इचलकरंजीपेक्षा किती कमी बघा, आणि ते अल्बर्टापासून लॅब्राडॉरपर्यंत पसरलेले. 'मी' म्हणायचं तर कुठं निय, कुठं निन, कुठं निर, बारा कोसांवर बदलते ती गोष्ट तिथंही खरी. कमी का झाले तर पोरांना आईबापांपासून तोडून निवासी शाळांत ठेवायचे आणि घरची भाषा बोलली की शिक्षा, यातली शेवटची शाळा बंद झाली 1997 साली. तेव्हा मी इकडं नववीला प्रयोग शिकवत होतो. आजी त्यावर फार बोलल्या नाहीत. एकदाच म्हणाल्या की मला ही भाषा दोनदा शिकावी लागली, आणि फळा पुसून पुढचं क्रियापद घेतलं.

तर साहेब, येत्या रविवारी दुरुस्ती छापा, त्याच कोपऱ्यात चालेल. विनोदाचं राहू दे, तो पुढच्या वर्षी परत येणारच आहे. फक्त 'आम्ही दिलगीर आहोत' लिहाल तेव्हा नियनान वालं आम्ही लिहा, आपण नको, कारण ती चौकट लिहिताना मी तिथं नव्हतो.

कळावे,
तुमची जुनी वाचक (हो, वाचक, आणि 'मी नव्हतो' हे प्रूफ बघणाऱ्यानं दुरुस्त करू नये)
शिवाजी पेठ, कोल्हापूर